भोईरकाकांचं कॉकपिट

माझ्या दुकानात आलेला माणूस खुर्चीत बसतो आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लागतो. खालच्या ओळी आल्या की अंदाजपंचे सुरू होतं. भोईरकाकांनी पाटीकडे पाहिलंच नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून काड्यापेटी काढली, ती उघडून कापसावर ठेवलेला एक काळा तुकडा चिमट्याने उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"बाय, तो बोर्ड ऱ्हाऊ दे. मना यो वाचता आला पायजे. तसा चष्मा दे."

मी भिंग लावून पाहिलं. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या प्लॅस्टिकवर गोल तबकड्या होत्या, बटणं होती, एक लाल खटका होता आणि एका तबकडीत चक्क पांढरा काटा होता. काट्याच्या टोकाशी आकडेही असावेत, पण ते मला भिंगातूनही नीट लागेनात.

"हे काय आहे काका?"

"फायटर विमानाचा कॉकपिट. उजवी बाजू."

"कोणी रंगवलं?"

"बसलाय तो तुज्या समोर," काका म्हणाले आणि तुकडा पुन्हा कापसावर झोपवला.

वसईजवळ आचोळ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेलं आहे, पण मी डॉक्टर नाही. हे मी दिवसातून चारदा सांगते आणि लोक चारदा विसरतात. माहेर वसईच्या किनाऱ्याकडचं, बागायती वाडीवाल्यांचं, त्यामुळे खाडीकडच्या गावांची बोली कानावर होती तरी तोंडात नव्हती. भोईरकाका मूळचे चांदीपचे, भातशेती करणाऱ्या घरातले. हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले आणि माझ्या दुकानामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. त्यांची बोली मात्र निवृत्त झाली नव्हती. ती गावाहून निघाली, पंजाब-आसाम फिरली आणि वाटेत थोडं हिंदी उचलून पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. काका जाऊन आता वर्ष होत आलं, तरी जिन्यात कोणी "बाय" म्हटलं की मी अजून मागे वळते.

गावात त्यांना सगळे 'पायलट' म्हणायचे आणि त्यांना ते अजिबात खपायचं नाही. एका हळदीला मी त्यांच्या घरच्यांबरोबर चांदीपला गेले होते. यजमानांनी मोठ्या कौतुकाने ओळख करून दिली, "हे आमचे पायलट." काका जेवता जेवता पानावरून उठले. "पायलट नाय. फिटर. पायलटला विमान चालवाला येतो. त्याच्या समोरची घड्याला खरा बोलतान का खोटा, ता मना बघाला येतो." विमानातल्या तबकड्यांना ते घड्याळंच म्हणत. मग शांतपणे बसून त्यांनी उरलेला भात संपवला. यजमानांना काय चुकलं तेच कळलं नाही.

पुण्याला असलेल्या मुलीने त्यांना एका वाढदिवसाला मिग विमानाच्या प्रतिकृतीचा खोका पाठवला होता. खऱ्याच्या बत्तीस पट लहान, सुट्या भागांतलं विमान. जोडायचं आणि रंगवायचं. कोणी हौशी माणूस ते दोन-तीन महिन्यांत उडत्या अवस्थेत शोकेसमध्ये लावेल. काकांनी पंखांना हातच लावला नाही. ते पहिल्या दिवसापासून कॉकपिटमध्ये शिरले आणि दोन वर्षं बाहेर आले नाहीत.

खोक्यात तबकड्यांची छापील चित्रं होती. पाण्यात भिजवून चिकटवली की झालं. ती त्यांनी पाकिटातच ठेवली. "ही चित्रा कोनत्या विमानाची? कोनत्याच नाय. मना माजा विमान पायजे." त्यांचं विमान म्हणजे ज्याची घड्याळं त्यांनी बरीच वर्षं सांभाळली ते एकच. त्यात कोणती तबकडी बदलून नवी बसवली होती, कुठल्या खटक्याचा रंग बोटांनी उडाला होता, डाव्या पायाशी कुठे टाच घासायची, हे सगळं त्यांना पाठ होतं आणि त्यांना ते तसंच्या तसं हवं होतं. टाच घासलेल्या जागी ते पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळत, म्हणजे रंगाखालून पत्रा निघाल्यासारखा दिसे. "नवाकोरा कॉकपिट शोरूममदी ऱ्हातो. यात मानूस बसून गेला पायजे."

तबकड्यांना काच म्हणून काकींच्या बिनरंगी नेलपॉलिशचा एकेक थेंब. पायलटच्या खुर्चीचे पट्टे गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे. त्यासाठी काकांनी एके दिवशी काकींच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या सगळ्या गोळ्या फोडून एका वाटीत जमा केल्या. बेबीकाकी ती वाटी घेऊन तशीच माझ्या दुकानात आली. "बाय, तू शिकलेली हाईस. यातली सकालची कंची नि रातची कंची, सांग." मी तिला औषधाच्या दुकानात घेऊन गेले. घरी आल्यावर काकांना बोलणी बसली. ते तोंड वर न करता एवढंच म्हणाले, "पट्टे मातर एकदम सही झाले."

सगळ्यात जास्त छळलं ते रंगाने. त्या विमानांचं कॉकपिट आतून निळसर हिरवं असतं, डोळ्याला थंड वाटावं असं. बाजारातल्या कुठल्याच बाटलीतला रंग काकांना पटेना. मिसळायचे, सुकवायचे, उन्हात धरायचे आणि मान हलवायचे. "निला जास्त झाला." दुसऱ्या दिवशी हिरवा जास्त झालेला असायचा. शेवटी एकदा भाजी निवडता निवडता बेबीकाकी म्हणाली, "आपल्या गावच्या चुलीच्या खोलीचा रंग होता, तसला पायजे का?"

काकांच्या हातातला ब्रश थांबला. लग्नानंतरच्या एका सुट्टीत त्यांनीच ती खोली रंगवली होती. वसईच्या बाजारातून ऑइलपेंटचे डबे आणून, विमानाचा रंग आठवून आठवून, जुळेपर्यंत मिसळून. काकींना हे आता कळत होतं. "मना वाटला, धुरात बसते बाई, तिच्या डोल्याला थंड वाटावा म्हनून रंगवला. वीस वरसा मी त्या मेल्या विमानात भाकऱ्या थापल्या!" दुसऱ्या दिवशी काका चांदीपला गेले, पुतण्याच्या डोळ्यांदेखत भिंतीवरचे नंतरचे दोन थर ब्लेडने खरवडले आणि खालच्या रंगाची खपली काड्यापेटीत घालून आणली. त्या खपलीवरून कॉकपिटचा रंग जुळला. घरी आल्यावर त्यांनी काकींना काय सांगितलं ते माहीत नाही, पण काकी आठवडाभर खुशीत होती.

या सगळ्यात माझी नेमणूक कशी झाली, ते सांगायला हवं. विमानाच्या कामात एक रीत असते. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. दुसऱ्या माणसाने तपासायचं, तो म्हणाला बरोबर तर बरोबर, तो म्हणाला चूक तर पुन्हा खोला. करणारा कितीही जुना असला आणि तपासणारा कितीही नवा असला तरी यात वाद नाही. काकांनी ही रीत घरी आणली होती. पहिल्यांदा त्यांनी बेबीकाकींना तपासायला बसवलं. काकी प्रत्येक गोष्टीला "छान हाय" म्हणायची.

"छान ह्यो शब्द हँगरमदी चालत नाय," काका वैतागून म्हणाले. "बरोबर का चूक, दोनच."

काकींनी राजीनामा दिला आणि दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात वर जाऊन तपासायचं काम माझ्याकडे आलं. टेबलाशी बसायचं, भिंग लावायचं, त्यांनी दाखवलेल्या जागेकडे पाहायचं आणि दोनातला एक शब्द बोलायचा. मी "चूक" म्हटलं की ते विचारायचे, "कुठं?" मी दाखवलं की तेवढं पुसून पुन्हा रंगवायचे. कधी तोंड वाकडं केलं नाही. "आपला काम आपल्याला सरलच दिसतो, बाय. म्हनून तर दुसरा मानूस लागतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की कंटाळा यायचा. ते त्यांनाच जड जाईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या विमानाच्या समोरच्या फळीवर मधोमध वरून खाली एक पांढरी रेघ असते. काकांनी मला ती नीट समजावून सांगितली होती. विमान आभाळात गरगर फिरत खाली यायला लागलं की आतल्या माणसाला डावं-उजवं काही कळत नाही. तेव्हा विमान चालवायची काठी दोन्ही हातांनी धरायची आणि त्या रेघेकडे ढकलायची, एवढंच त्याच्या हातात उरतं. काकांच्या विमानातली ही रेघ एकदा झिजली होती आणि ती त्यांनी स्वतः ब्रशने पुन्हा मारली होती, टेप न लावता. म्हणून इथेही ती हातानेच मारायची होती. सगळं कॉकपिट पुरं झालं तेव्हा ते तिच्याकडे वळले. डाव्या डोळ्यात घड्याळजीचं भिंग, उजव्या हातात चार केसांचा ब्रश. त्यांची ही सवय जुनी होती. मला निरोप आला, "रेघ झाली. ये."

मी भिंग लावलं. रेघ वरून सरळ निघाली होती, मध्यावर येऊन पोट काढल्यासारखी एका बाजूला वळली होती आणि खाली पुन्हा सरळ झाली होती. ब्रश थरथरला असता तर ती दातेरी झाली असती. ही वळलेली होती, अगदी सफाईदार. हात पक्का होता.

"चूक," मी म्हणाले.

"कुठं?"

"मध्ये. वाकलीय."

काकांनी भिंग डाव्या डोळ्याला लावून पाहिलं. "सरल हाय."

पहिल्यांदाच त्यांनी "कुठं"च्या पुढे काही म्हटलं होतं. मी दुकानातून चौकटी छापलेला कागद आणला. मध्ये एक टिंब असतं, एक डोळा झाकून त्याच्याकडे पाहायचं असतं. उजव्या डोळ्याने त्यांना सगळ्या रेघा सरळ दिसल्या. डाव्याने पाहिल्यावर त्यांनी कागद उलटसुलट फिरवला. मग म्हणाले, "कागद खराब छापलाय."

मी त्यांना सांगितलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध सूज आली की सरळ रेघ वाकडी दिसते. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. भिंग डाव्या डोळ्याला लावलं की तोच एकटा पाहतो. तुम्हाला सरळ रेघ वाकडी दिसत होती, म्हणून तुम्ही ती दिसायला सरळ होईल अशी मारलीत. उशीर करू नका, उद्याच पडद्याच्या डॉक्टरकडे जा, मधली नजर कायमची जाऊ शकते.

"मी तुला चेक कराला सांगितला होता," काका म्हणाले. "रोग काढाला नाय."

त्यानंतर वर बोलावणं आलं नाही. मी दोनदा गेले. एकदा ते झोपले होते आणि एकदा झोपल्यासारखे होते. मला त्यांचा राग आला होता, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती, कारण या दुखण्यात आठवडेसुद्धा महाग पडतात. मग एका सकाळी बेबीकाकी दुकानात आली. काका दिवसभर गॅलरीत उभे राहतात, म्हणाली. उजवा डोळा हाताने झाकतात आणि समोरच्या इमारतीकडे बघत बसतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांनी सांगितलंय की समोरची इमारत मधून फुगलीय, कधीही येईल खाली.

आचोळ्यात एखादी इमारत वाकडी आहे म्हटलं तर कोणी लगेच हसत नाही; इकडे कच्च्या बांधकामाच्या इमारती पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. सेक्रेटरीने त्या सोसायटीला कळवलं, तिथले दोघे-तिघे गच्चीवर गेले, जवळच्या कामावरचा एक गवंडी ओळंबा घेऊन आला आणि त्याने गच्चीवरून खालपर्यंत दोरी सोडली. भिंत आणि दोरी यांत वरून खालपर्यंत सारखंच अंतर. गवंड्याने खालून ओरडून सांगितलं, "सरळ आहे हो!" काका आपल्या गॅलरीतून हे सगळं पाहत होते, एक डोळा झाकून.

त्या दुपारी ते स्वतः खाली उतरले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ते आले आणि काउंटरला हात टेकून उभे राहिले.

"भिंत वाकडी दिसली तर मी बिल्डरला शिव्या घालीन," ते म्हणाले. "पन दोरी वाकडी दिसली, बाय. खाली वजन बांधलेली दोरी कधी वाकडी ऱ्हात नाय. माजा घड्यालच खोटा बोलतो."

मी दुकान बंद केलं आणि त्याच दिवशी त्यांना घेऊन मुंबईला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला, काही महिने. "जित्या मानसाच्या डोल्यात सुई?" काकांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. "तू म्हनतेस तर चल." सूज उतरली, पण डाव्या डोळ्याची मधली नजर पूर्ण परत आली नाही. उशीर झाला होता. उजवा डोळा चांगला होता आणि शेवटपर्यंत चांगला राहिला. इतके आठवडे गॅलरीत उभं राहण्यात किती नजर गेली, हे ना डॉक्टरांनी सांगितलं ना काकांनी विचारलं. मीही हिशेब केला नाही, कारण त्यातून काही हाती लागणार नव्हतं.

आता भिंग उजव्या डोळ्याला लावायचं होतं आणि ते तिथे राहीना. ते भिंग भुवई आणि गाल यांच्या चिमटीत धरावं लागतं. काकांच्या डाव्या गालाला आयुष्यभराची सवय होती, उजवा गाल अगदीच आळशी निघाला. भिंग टपकन चहात पडायचं. मग ते रोज बातम्या बघताना उजव्या डोळ्यात भिंग धरून बसू लागले. आलेला पाहुणा घाबरायचा. काकी सांगायची, "घाबरू नका, गालाचा व्यायाम चाललाय." असे दोनेक महिने गेले आणि पुन्हा एकदा मला दुपारचा निरोप आला.

मी वर गेले तेव्हा रेघ मारून झाली होती आणि काका ब्रश हातात धरून बसले होते. जुनी रेघ पुसून तिथे नवी काढलेली. त्यांच्या कपाळावर घाम होता. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होती. ते काय आहे हे मला चांगलं कळत होतं. मी भिंग लावलं. पोट आलेलं नव्हतं. पण खालचं टोक केसभर उजवीकडे गेलं होतं, नव्या डोळ्याने नव्याने काम करणाऱ्या माणसाचं जाईल तसं. कोणालाही ते दिसलं नसतं. विमान शोकेसमध्येच बसणार होतं, त्यात कोणी जीव मुठीत धरून काठी ढकलणार नव्हतं. "बरोबर" म्हणायला काहीच लागत नव्हतं, आणि त्या क्षणी मला ते फार म्हणावंसं वाटत होतं. या माणसावर माझं प्रेम होतं.

"चूक," मी म्हणाले.

काकी आत निघून गेली. काकांनी विचारलं, "कुठं?"

"खाली. केसभर उजवीकडे."

त्यांनी मान हलवली, कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि रेघ पुसून टाकली. मग ब्रश धुतला, भिंग उजव्या डोळ्यात बसवलं, पुन्हा रंग घेतला, श्वास रोखला, वरून खाली एकदाच हात नेला आणि भिंग काढून टेबलावर ठेवलं. मी पुन्हा पाहिलं. या खेपेला मी खूप वेळ पाहिलं, कारण माझे स्वतःचे डोळे भरले होते आणि मला त्यांची खात्री वाटत नव्हती.

"बरोबर," मी म्हणाले.

काकांनी रंगाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि आत हाक मारून चहा मागितला.

माझ्यासमोर रोज माणसं बसतात आणि मी सांगेन त्यावर विश्वास ठेवतात, कारण त्यांच्यापुढे दुसरा इलाज नसतो. काकांकडे चांगला उजवा डोळा होता आणि भिंग त्यांच्या हाताशी, टेबलावरच पडलेलं होतं. मी चूक म्हणाले तेव्हा खात्री करून घ्यायला त्यांनी ते उचललं नाही, आणि बरोबर म्हणाले तेव्हाही नाही.